वादळाचे बिल कोणाच्या नावावर?



२९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ किनाऱ्यावर आदळलेल्या महाचक्रीवादळात, सरकारी हिशेब धरला तरी, दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. मनुष्यहानीपुढे विजेच्या खांबांचा विषय काढणे तेव्हा कोणालाही बरे वाटले नसते आणि त्यामुळे तो नीट निघालाही नाही. पण भुवनेश्वर, कटक, पुरी, जगतसिंगपूर, केंद्रपाडा या पट्ट्याला वीज पुरवणारी सेस्को ही कंपनी त्या दिवशी कोणाच्या हातात होती, हे पाहण्यासारखे आहे. दोन महिनेही झाले नव्हते, १ सप्टेंबरपासून तिचे ५१ टक्के भागभांडवल एईएस या अमेरिकन कंपनीकडे गेले होते. ओडिशाचे उरलेले तीन वितरण विभाग त्याच वर्षीच्या एप्रिलपासून बीएसईएसने घेतले होते. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्यांच्या हातात दर महिन्याला जिचे बिल पडत असे, तीच ही कंपनी. सरकारी वीजमंडळ मोडून वितरण खासगी हातात देणारे ओडिशा हे देशातले पहिले राज्य होते आणि त्या प्रयोगाच्या पहिल्याच वर्षात समुद्राने त्याची परीक्षा घेतली. मोडलेले खांब, लोळणाऱ्या तारा आणि बुडालेली उपकेंद्रे ज्यांच्या नावावर होती ते भागधारक होते. अंधारात बसलेले लोक मात्र राज्याचे नागरिक होते. दुरुस्तीचा पैसा कोणी घालायचा?

दोन वर्षांत एईएसने तिथला कारभार सोडला. वादळ हे त्याचे एकमेव कारण नव्हते, मुख्यही नसेल. वीजगळती, वसुली, राज्य सरकारच्या ग्रिडको या कंपनीची थकबाकी आणि न मिळालेली दरवाढ यांचे ओझे मोठे होते. २००५मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने सेस्कोचा परवाना रद्द केला, पुढच्या वर्षापासून सेसू या नावाने तो विभाग प्रशासकांच्या हाती चालला. बीएसईएस पुढे रिलायन्सकडे गेली आणि २०१५मध्ये तिचेही ओडिशातले तिन्ही परवाने गेले. खासगीकरण चांगले की वाईट, हा वाद मला आज घालायचा नाही. त्या वादात दोन्ही बाजूंचे लोक आपापले दाखले खिशात घेऊनच येतात. माझा मुद्दा त्याहून अरुंद आहे आणि म्हणूनच, मला वाटते, निकालात काढता येण्यासारखा आहे. आपत्तीनंतर खासगी वीज कंपनीच्या दुरुस्तीला सरकारी पैसा देणे काही वेळा योग्य असते. पण तो पैसा ग्राहकाचा म्हणून दिला पाहिजे, हिशेबात ग्राहकाचा म्हणून राहिला पाहिजे, आणि कोणत्या नुकसानीपर्यंत भागधारकाने स्वतः सोसायचे हे वादळाच्या आधी, परवाना देतानाच ठरले पाहिजे. यातली एखादी अट सुटली की मदत आणि भेट यांतला फरक उरत नाही.

आपल्याकडचा नियम आधी पाहू. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून कशासाठी किती द्यायचे याचे निकष केंद्रीय गृह मंत्रालय ठरवते. घर पडले, जनावर मेले, जमीन खरवडली गेली, प्रत्येकाचा दर त्यात असतो. २०१५ ते २०२० या काळासाठीच्या निकषांत विजेसाठीही दर होता: ११ केव्हीपर्यंतच्या यंत्रणेसाठी मोडलेल्या खांबामागे ४ हजार रुपये, तारांच्या किलोमीटरमागे ५० हजार आणि वितरण रोहित्रामागे, म्हणजे आपण जिला डीपी म्हणतो तिच्यामागे, १ लाख. पण हे केवळ पुरवठा तातडीने पुन्हा सुरू करण्यापुरते. त्यापलीकडे वीज आणि दूरसंचार ही क्षेत्रे निधीबाहेर ठेवली होती. कारण असे दिले होते की ती स्वतःचा महसूल कमावतात आणि दुरुस्ती स्वतःच्या पैशातून करतात. रस्ता कमावत नाही, शाळा कमावत नाही, वीज कंपनी कमावते. मग तिने आपले आपण पाहावे. ऐकायला हे चोख वाटते, आणि सरकारी तिजोरीचा विचार करणाऱ्या कोणालाही ते पटेल. निकषाचा भर मालकीवर नाही, कमाईवर आहे, हेही ध्यानात ठेवू.

आता या कमाईचा उगम शोधू. वीज वितरण हा मोकळ्या बाजारातला धंदा नाही. कंपनी वर्षाचा खर्च नियामक आयोगापुढे मांडते, आयोग त्यातला योग्य वाटेल तेवढा मान्य करतो, त्यावर भागभांडवलाचा ठरलेला परतावा धरतो आणि ही सगळी बेरीज ग्राहकांवर वाटून दर काढतो. वादळासारखी घटना कंपनीच्या आवाक्याबाहेरची मानली जाते, तेव्हा विमा आणि मदत वजा जाता उरलेला दुरुस्तीखर्च आयोगाच्या तपासणीनंतर दरात येतो. म्हणजे ‘कंपनी आपल्या पैशातून दुरुस्ती करील’ या वाक्याचा व्यवहारातला अर्थ असा की ग्राहक करील, थोडे उशिरा आणि व्याजासह. खर्च सोसणारे खिसे तीनच असतात: करदात्याचा, ग्राहकाचा आणि भागधारकाचा. सरकारने हात आखडता घेतला की पहिला खिसा वाचतो, पण त्यामुळे तिसऱ्याला आपोआप हात घातला जात नाही. भार बहुधा दुसऱ्यावर जातो. आणि वादळग्रस्त भागातला ग्राहक तोच, ज्याचे छप्पर उडाले आहे. त्याला एका खिडकीवर घरासाठी मदत द्यायची आणि दुसऱ्या खिडकीवर खांबाची किंमत घ्यायची, हा काटकसरीचा हिशेब म्हणता येणार नाही.

अमेरिकेत हा प्रश्न मालकीच्या अंगाने सोडवला आहे, आणि तिथे काय झाले ते तपशिलात पाहण्यासारखे आहे. १९८८च्या स्टॅफर्ड कायद्याने फेमा ही संघीय यंत्रणा आपत्तीनंतर सार्वजनिक यंत्रणांच्या दुरुस्तीचा निदान ७५ टक्के खर्च उचलते. नगरपालिकेची वीजकंपनी त्यात बसते. ना-नफा संस्थाही बसतात, आणि तिथल्या ग्रामीण वीज सहकारी संस्था याच गटात मोडतात. भागधारकांची कंपनी बसत नाही. (श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचा परवाना २०११मध्ये संपला आणि तो भाग महावितरणकडे गेला; ग्राहकांच्या मालकीची वीजसंस्था म्हणजे काय, हे नगर जिल्ह्यातल्या श्रोत्यांना वेगळे सांगायला नको.) २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरीना वादळ आले. लुइझियाना आणि मिसिसिपीतल्या गावांना वीज देणाऱ्या सहकारी संस्था संघीय मदतीला पात्र होत्या. न्यू ऑर्लिन्स शहराला वीज आणि गॅस देणारी एंटर्जी न्यू ऑर्लिन्स ही मात्र भागधारकांच्या एंटर्जी समूहाची उपकंपनी होती. वारा तोच आणि पाणीही तेच, पण खांबावर कोणाचे नाव आहे यावरून एका कुटुंबाच्या बिलात संघीय पैसा येणार आणि दुसऱ्याच्या बिलात येणार नाही, असा तो भेद होता. त्यातून न्यू ऑर्लिन्स हे काही श्रीमंतांचे शहर नव्हे.

२३ सप्टेंबर २००५ रोजी, वादळानंतर महिना पुरा व्हायच्या आत, या उपकंपनीने दिवाळखोरीच्या न्यायालयाचा आसरा घेतला. शहर रिकामे झाले होते. एरवी दुरुस्तीचा खर्च पुढच्या काही वर्षांच्या बिलांत पसरता येतो. इथे बिल भरणारेच निघून गेले होते. मोठ्या लोकसंख्येसाठी बांधलेले जाळे दुरुस्त करून त्याची किंमत परतलेल्या थोड्यांवर टाकली असती, तर बिले अशी फुगली असती की न परतलेल्यांनी परतण्याचा विचारच सोडला असता. नियमाला वळसा घालून वाट काढली गेली ती याच कारणाने. लुइझियाना राज्याने संघीय सरकारच्या सामुदायिक विकास अनुदानातून कंपनीला २० कोटी डॉलर दिले. या वाटेला आधीचा दाखलाही होता: ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरची सात क्रमांकाची इमारत कोसळून तिच्या पायथ्याची कॉन एडिसनची उपकेंद्रे नष्ट झाली, तेव्हा न्यूयॉर्कच्या खासगी वीज आणि टेलिफोन कंपन्यांसाठी काँग्रेसने याच अनुदानाचे दार उघडले होते.

टीकाकारांचे म्हणणे तेव्हाही होते आणि त्यात तथ्य होते. ज्या वर्षी उपकंपनी दिवाळखोरीत गेली त्याच वर्षी तिची मूळ कंपनी नफ्यात होती. मूळ कंपनीने २० कोटी डॉलरपर्यंतचे कर्ज देऊ केले. म्हणजे जनतेने जेवढे फुकट दिले तेवढेच मालकाने परतफेडीच्या बोलीवर. मे २००७मध्ये उपकंपनी दिवाळखोरीतून बाहेर आली, सावकारांना पूर्ण पैसे मिळाले आणि मालकीही जिथे होती तिथेच राहिली. अनुदानाचा हेतू ग्राहकांचे दर आटोक्यात ठेवणे हाच लिहिला होता, आणि दुरुस्तीचा तेवढा भाग ग्राहकांच्या बिलात चढला नाही, हे खरे. पण जनतेने एवढे घालूनही भागधारकाच्या बाजूने काय आले, असे विचारले तर उत्तर लंगडे पडते. माझ्या मते अनुदान देण्यात चूक नव्हती. मालकाच्या वाट्याची रक्कम आधी ठरलेली नसताना ते दिले, ही चूक होती. बुडत्याशी घासाघीस करता येत नाही, आणि इथे बुडता कंपनी नव्हती, शहर होते. कंपनीला हे ठाऊक होते.

मघाशी ‘हिशेबात ग्राहकाचा म्हणून राहिला पाहिजे’ असे म्हटले, त्याचा अर्थ एका मानलेल्या आकड्यावरून सांगतो. समजा एका विभागात दुरुस्तीला १०० कोटी लागले. कंपनीने ते स्वतः उभारले तर साधारण ७० कोटी कर्ज आणि ३० कोटी भागभांडवल असे धरले जाते. ग्राहकाच्या दरात ७० कोटींचे व्याज, ३० कोटींवरचा परतावा आणि साऱ्या १०० कोटींचा घसारा येतो. ओडिशात परतावा १६ टक्के मान्य आहे, म्हणजे पहिल्या वर्षी केवळ परताव्याचे ४ कोटी ८० लाख. आता हेच १०० कोटी सरकारने अनुदान म्हणून दिले आणि नवे खांब कंपनीच्या मालमत्तेत नेहमीच्या खांबांसारखे नोंदले गेले, तर कंपनीने न घातलेल्या पैशावर तिला परतावा मिळेल आणि ज्या ग्राहकाने कर भरून खांब उभा केला तोच बिलातून त्याचा घसारा भरत राहील. हे होऊ नये म्हणून नियम आहेत. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या बहुवार्षिक दरनियमांत ग्राहकांचे अंशदान, अनुदान आणि भांडवली साहाय्य यांतून उभ्या राहिलेल्या मालमत्तेवर परतावा आणि घसारा मिळत नाही. तिची देखभाल तेवढी मान्य होते. तेव्हा तत्त्व नवे शोधायला नको. अडचण आहे ती नोंदीची. वादळानंतरच्या घाईत कोणता खांब कोणत्या पैशातून उभा राहिला हे कोण लिहून ठेवणार? उपकेंद्राची नोंद निघते, कारण ते मोठे काम असते. खांब, तारा, डीपी हजारोंनी बदलतात, आणि भागधारकाकडे पैसा वळायचा तर तो याच फटीतून वळतो.

मदत वस्तुरूपाने आली की तर हिशेबच राहत नाही. मे २०२०मध्ये अम्फान वादळानंतर कोलकात्यात बरेच दिवस वीज नव्हती, लोक रस्त्यावर उतरले, आणि उन्मळलेली झाडे हटवायला पश्चिम बंगाल सरकारने सैन्य बोलावले. शहराला वीज देणारी सीईएससी ही खासगी कंपनी आहे, एकोणिसाव्या शतकापासूनची. झाडे हटल्याशिवाय तारा ओढता येत नाहीत, त्यामुळे सैन्याचे ते काम काही अंशी वीज कंपनीचेही काम होते. सैन्य बोलावणे योग्यच होते, त्याचे बिल कंपनीला पाठवावे असेही मी म्हणत नाही. पण सरकार खासगी वीज कंपनीला मदत करते की नाही असे विचारले जाते तेव्हा ती मदत सदैव होतच असते, फक्त ती लिहिली जात नाही, एवढे कबूल करायला हवे.

आता आक्षेपांकडे येतो. सर्वांत जुना आक्षेप असा की नफा खासगी आणि तोटा सार्वजनिक, हा कुठला न्याय? आक्षेपामागची चीड रास्त आहे, पण तो वीज वितरणाला जसाच्या तसा लागू पडत नाही. कापड गिरणीचा मालक वादळानंतर दर वाढवू लागला तर लोक दुसऱ्याचे कापड घेतात. वीज ग्राहकाला दुसरी तार नसते; मुंबईत काही भागांत आहे, पुरी-केंद्रपाड्यात नाही. जिथे ग्राहक सुटू शकत नाही तिथे तोटा भागधारकाकडेच राहील अशी व्यवस्था मुद्दाम करावी लागते, आणि मदत नाकारल्याने ती होत नाही. ज्यांना तोटा भागधारकाने सोसावा असे मनापासून वाटते त्यांनी परवान्यात तसा आकडा मागितला पाहिजे: वर्षाच्या मान्य महसुलाच्या अमुक टक्क्यांपर्यंतचे आपत्तीनुकसान भागभांडवलातून, दरात न चढवता. विमा कंपन्या गाडीच्या नुकसानीतली पहिली काही रक्कम मालकाला सोसायला लावतात, तशीच ही तरतूद.

कंपन्यांकडून येणारा आक्षेप याच्या उलट आहे: असा वाटा आमच्या गळ्यात घातला तर भांडवल येणार नाही, किंवा येईल ते जास्त परतावा मागेल. मला हा आक्षेप पहिल्यापेक्षा अधिक गंभीर वाटतो. ओडिशातले आकडे मात्र त्याला उत्तर देतात. आज त्या राज्याचे चारही वितरण विभाग टाटा पॉवरकडे आहेत: मध्य विभाग १ जून २०२०पासून, पश्चिम आणि दक्षिण १ जानेवारी २०२१पासून, उत्तर १ एप्रिल २०२१पासून. प्रत्येकात ५१ टक्के टाटांचे, ४९ टक्के राज्य सरकारच्या ग्रिडकोचे. समुद्राला लागून असलेला पुरीचा पट्टा मध्य विभागात येतो, संबळपूर-राउरकेला आत, पश्चिम विभागात. दोन्हीकडे भागभांडवलावरचा मान्य परतावा एकच आहे, १६ टक्के. चक्रीवादळाची जोखीम परताव्यात मोजलेली असती, तर पुरीचा आकडा संबळपूरपेक्षा वर असायला हवा होता. तो तसा नाही, म्हणजे वादळाची जोखीम भागधारकाकडे आहे असे खुद्द दरनियमच मानत नाहीत. कंपनीने मग एक काहीतरी निवडावे. जोखीम आपण घेत नाही असे असेल तर आपत्तीपासून सुरक्षित असलेल्या धंद्याला शोभेल असा कमी परतावा घ्यावा. १६ टक्के हवे असतील तर नुकसानीचा पहिला हिस्सा उचलावा. दोन्ही हातांनी घेऊन वर सरकारी अनुदानही मालमत्तेत मिसळायचे, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

मदतीची खात्री असली की कंपनी मजबूत खांब उभारणार नाही, विमा काढणार नाही, हा तिसरा आक्षेप. विम्याविषयी वस्तुस्थिती अशी की १९९२च्या अँड्र्यू वादळानंतर फ्लोरिडातल्या वीज कंपन्यांना तारा-खांबांचा विमा बाजारात परवडेल अशा दरात मिळेनासा झाला. उपकेंद्राचा, इमारतीचा विमा मिळतो. शेकडो मैल पसरलेल्या तारांचा कोणी घ्यायला तयार नसतो, कारण त्या एकाच दिवशी एकाच वेळी पडतात. तिथे मग ग्राहकांच्या दरातून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढून वादळनिधी केला गेला, निधी संपला तर वेगळा अधिभार, आणि २००४-०५च्या लागोपाठ वादळांनंतर ग्राहकांच्या भावी बिलांच्या तारणावर रोखे. सरकारी अनुदान नव्हते, पण पैसा शेवटी ग्राहकाचाच होता. लक्षात घेण्यासारखे पुढे घडले: २००६पासून तिथल्या आयोगाने लाकडी खांबांची आठ वर्षांतून एकदा तपासणी सक्तीची केली आणि जाळे वादळाला टिकेल असे करण्याच्या योजना मागवल्या. कंपनी शिस्तीत राहिली ती पैसा नाकारल्यामुळे नव्हे, तपासणीमुळे. ज्या खांबांची तपासणी झालेली नाही त्यांच्यासाठी मदत नाही, अशी साधी अट आपल्याकडेही घालता येईल आणि ती वादळापूर्वीच तपासता येईल.

आपत्ती जिथे कंपनीच्याच हलगर्जीपणातून आली असेल, तिथे मी वर सांगितलेले काहीच लागू करणार नाही. नोव्हेंबर २०१८मध्ये कॅलिफोर्नियात पीजी अँड ई कंपनीच्या जुन्या वाहिनीतून लागलेल्या वणव्यात ८५ माणसे गेली, आणि २०२०मध्ये कंपनीने मनुष्यवधाचे ८४ आरोप न्यायालयात कबूल केले. अशा ठिकाणी प्रश्न मदतीचा राहत नाही, भरपाईचा होतो. जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर टेप्को या वीज कंपनीला सरकारने १ लाख कोटी येन दिले, पण जुलै २०१२मध्ये त्या बदल्यात मतदानाचे निम्म्याहून अधिक हक्क घेतले. रक्कम फार मोठी असेल तर अनुदानापेक्षा भागभांडवल घ्यावे, हा जपानी मार्ग मला सरळ वाटतो. ओडिशात सरकारचा ४९ टक्के हिस्सा असल्यामुळे असा मार्ग तिथे निम्मा तयारच आहे; सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या मालमत्तेचा फायदा निदान तेवढ्या प्रमाणात परत सरकारकडे येतो.

मालकी आणि कारभार वेगळे ठेवले तर हा सगळा पेच सुटतो, असे काही अभ्यासक म्हणतात. पोर्तो रिकोत सप्टेंबर २०१७मध्ये मारिया वादळाने वीजयंत्रणा कोलमडली. मालकी सरकारी कंपनीची असल्यामुळे ती फेमाच्या मदतीला पात्र ठरली आणि २०२०मध्ये तिच्यासाठी सुमारे साडेनऊशे कोटी डॉलर मंजूर झाले. जून २०२१पासून कारभार मात्र लुमा या खासगी कंपनीकडे आला. आपल्याकडे भिवंडीत २००७पासून असेच आहे: जाळे महावितरणचे, चालवते टोरंट. या रचनेत अनुदान कोणाच्या मालमत्तेत जाते हा प्रश्न निघतच नाही, हे तिचे मोठे सुख. पण दुरुस्ती करून घेणारा आणि पैसा मागणारा वेगळे असले की कामाला उशीर होतो आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. शिवाय ज्या कंपन्यांकडे मालकी आधीच आहे त्यांना हे औषध लागू पडत नाही.

महाराष्ट्राला हे लागू करायचे तर माझे मत काही जणांना खटकेल. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडवर आले तेव्हा तिथला पुरवठा महावितरणचा होता, त्यामुळे मदतीबद्दल तत्त्वाचा वाद झाला नाही. उद्या तेच वादळ मुंबईवर आले, आणि मे २०२१मध्ये तौक्ते शहराजवळून गेले हे आठवावे, तर उपनगरांतल्या अदानी किंवा टाटा यांच्या जाळ्यासाठी सरकारने एक रुपयाही देऊ नये असे मला वाटते. मालकी खासगी आहे हे त्याचे कारण नाही. त्या कंपन्यांचे ग्राहक लाखांनी आहेत, त्यात मोठी व्यापारी मागणी आहे, वसुली चोख आहे आणि दुरुस्तीचा खर्च काही वर्षांत पसरला तर कोणाचे कंबरडे मोडत नाही. झोपडपट्टीतल्या छोट्या ग्राहकाला झळ पोचू नये असे वाटत असेल, तर त्यासाठी वीज कायदा २००३चे कलम ६५ आहे: सरकारला एखाद्या ग्राहकवर्गाला सवलत द्यायची असेल तर तिची रक्कम त्याने आगाऊ भरावी. मदत तेव्हा थेट त्या ग्राहकाच्या बिलात दिसते. उलट ओडिशाच्या किनारी तालुक्यांत कंपनी टाटांची असली तरी सरकारने हात दिला पाहिजे, कारण तिथला ग्राहक तो खर्च पेलू शकत नाही आणि त्याला तो पुन्हा पुन्हा पेलावा लागतो. मदतीची कसोटी मालकाचे नाव पाहून लावायची नसते; आपत्तीनंतर बिल भरायला कोण उरले आहे आणि त्याची ऐपत किती, हे पाहून लावायची असते.

अटी घालत बसलो तर वीज यायला उशीर होईल, हा शेवटचा आक्षेप, आणि वादळानंतर अटी घालणार असू तर तो खराच आहे. मे २०१९मध्ये फानी वादळ पुरीला धडकले तेव्हा दीड लाखांवर खांब पडल्याचे राज्य सरकारने सांगितले होते. त्या वेळी कोणत्या खांबाला कोणाचा पैसा, असा घोळ घालणे क्रूरपणाचे झाले असते. सेसू तेव्हा सरकारी हातात होती म्हणून तो घोळ पडला नाही, एवढेच. आता तोच पट्टा टाटा पॉवरकडे आहे. मे २०२१मध्ये यास वादळ बालासोर-भद्रकवर आले, तेव्हा उत्तर विभाग घेऊन कंपनीला दोन महिनेही झाले नव्हते. १९९९मध्ये एईएसच्या वाट्याला जे आले होते, जवळजवळ तेच वेळापत्रक. ऑक्टोबर २०२४मध्ये दाना वादळ भितरकनिका-धामरा भागात आले. वितरण परवाना कायद्याने पंचवीस वर्षांचा असतो, म्हणजे भुवनेश्वर-पुरीचा परवाना २०४५पर्यंत चालेल, आणि तोवर त्या किनाऱ्यावर आणखी वादळे येणार हे हवामान खात्याला विचारायची गरज नाही. परवान्याला एक पुरवणी जोडायला नवा कायदा लागत नाही, आयोगापुढे जाहीर सुनावणी घेऊन ती करता येते: भागधारकाने सोसायच्या नुकसानीची मर्यादा, खांबांच्या तपासणीची मुदत, सरकारी पैशातून उभ्या मालमत्तेची वेगळी नोंदवही आणि ती दर वर्षी लेखापरीक्षकाने तपासून आयोगाकडे देण्याचे बंधन. अशा सुनावणीत सामान्य ग्राहकालाही लेखी हरकत नोंदवता येते.